नऊ वानचा हमाल
व्हिएतनामच्या पारंपरिक पत्त्यांचा प्रवास

व्हिएतनामचा पारंपरिक पत्ता म्हणजे जाड कागदाची एक अरुंद पट्टी. रुंदी जेमतेम दीड-दोन बोटांची, लांबी तिच्या तिपटी-चौपटीची. इस्पिक-बदामचा पत्ता वरून धरला काय आणि खालून धरला काय, सारखाच दिसतो. या पट्टीला मात्र डोके आणि पाय असतात. डोक्याकडे चिनी लिपीतला अंक आणि रंगाची खूण, त्याखाली चित्र. अशा एकोणीस-वीस पट्ट्या एका हातात धरायच्या म्हणजे त्या पंख्याच्या काड्यांसारख्या उलगडाव्या लागतात. खालची टोके अंगठ्याखाली घट्ट दाबायची, वरची टोके एकमेकांपासून केसभर सुटी ठेवायची. नवखा माणूस पहिल्यांदा अडतो तो इथेच. खेळ समजण्याआधीच पट्ट्या चटईवर सांडतात.

व्हिएतनामी भाषेत पत्त्यांना 'बाय' म्हणतात, आणि या 'बाय'ची घराणी अनेक आहेत. उत्तरेकडे, हनोई आणि तांबड्या नदीच्या खोऱ्यात, 'तो तोम' आणि 'चान' हे दोन खेळ मानाचे. मध्य व्हिएतनामच्या किनारपट्टीवर 'बाय तोय' आणि त्याच पत्त्यांवर उभा राहिलेला 'बाय चोय' हा जत्रेतला खेळ. 'ताम कुक' हा बायकामुलांचा म्हणून ओळखला जाणारा उत्तरेचा खेळ, तर 'तू सक' दक्षिणेत आणि मध्य भागात घरोघरी चालणारा. पहिल्या तीन-चार नावांचे मूळ एक आहे आणि शेवटच्या दोघांचे निराळे. पण दोन्ही मुळे उत्तरेकडच्या शेजाऱ्याच्या अंगणात जातात.

पहिले मूळ पैशाचे. मिंग राजवटीतल्या चीनमध्ये पत्त्यांचे रंग म्हणजे नाण्यांची मापे होती. मधोमध चौकोनी भोक असलेले तांब्याचे एक नाणे, हा पहिला रंग. त्या भोकातून दोरी ओवून केलेली नाण्यांची माळ, हा दुसरा. दहा हजार नाण्यांचा ढीग, हा तिसरा. त्यावर दहा-दहा हजारांचे गुणाकार. लू रोंग (1436–1494) या मिंगकालीन लेखकाने आपल्या टिपणांत 38 पत्त्यांच्या अशा एका कॅटाचे वर्णन करून ठेवले आहे. मोठ्या रकमेच्या पत्त्यांवर लिआंगशानच्या बंडखोरांच्या, म्हणजे 'शुई हू' या प्रसिद्ध कादंबरीतल्या वीरांच्या आकृत्या असत, हेही त्यानेच नोंदवले. पुढे या पत्त्यांचा एक आटोपशीर संच रूढ झाला. तीन रंग, प्रत्येकात 1 ते 9, आणि तीन सुटे मानाचे पत्ते, असे 30 नमुने. प्रत्येक नमुना दोनदा घेतला तर 60 पत्त्यांचा कॅट होतो, चारदा घेतला तर 120 पत्त्यांचा. माहजोंगच्या सोंगट्यांवरचे तीन रंग याच कुळातले आहेत. तिथे नाण्याची झाली गोल टिकली, माळेची झाली बांबूची कांडी आणि दहा हजार अक्षरात राहिले. थायलंडमधला 120 पत्त्यांचा 'फाय तोंग' आणि मलायातल्या पेरानाकान चिनी घरांत खेळली जाणारी 60 पत्त्यांची 'चेकी' ही याच संचाची भावंडे. चिनी व्यापारी आणि मजूर जिथे जिथे बंदरात उतरले, तिथे तिथे हा कॅट उतरला.

व्हिएतनाममध्ये तो 120 आणि 60 या दोन्ही रूपांत रुजला. रंगांची नावे चिनी अक्षरांच्या व्हिएतनामी उच्चारांतून आली. नाणे ते 'वन', माळ ती 'साक', दहा हजार ते 'वान'. पैसा मात्र वाटेत हरवला. व्हिएतनामी कानाला 'वन' म्हटले की साहित्य आठवते आणि 'साक' म्हटले की पुस्तक, कारण त्याच उच्चाराचे ते रोजचे शब्द आहेत. त्यामुळे तांब्याच्या नाण्यांचा आणि माळांचा हिशेब ज्या पत्त्यांत होता, ते पत्ते ऐकणाऱ्याला साहित्य आणि ग्रंथ यांच्या गोष्टी बोलू लागले. शिकल्यासवरल्या मंडळींचा खेळ अशी तो तोमची जी प्रतिष्ठा झाली, तिला हा योगायोग पोषकच ठरला असणार. खेळाच्या नावाचेही असेच झाले. 'तो तोम' हा 'तू ताम' म्हणजे 'तिन्हींचा मेळ' याचा अपभ्रंश मानला जातो. आजच्या भाषेत मात्र 'तो' म्हणजे घरटे आणि 'तोम' म्हणजे कोळंबी. व्हिएतनामी माणूस अनेक पिढ्या 'कोळंबीचे घरटे' खेळत आला आहे आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही.

तो तोमचा पत्ता जवळून पाहावा असा आहे. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांतली ठोकळ्याची छपाई, आणि काही ठरावीक पत्त्यांवर तांबडा ठसा. चित्रांत माणसे आहेत, बायका आहेत, मुले आहेत. एक मासा आहे, एक मंदिर, एक होडी, एक पीच फळ. आणि ही माणसे व्हिएतनामी नाहीत, चिनीही नाहीत. त्यांचे सैल बाह्यांचे पोशाख, कमरेचे पट्टे, डोक्यावरच्या केसांच्या गाठी, सगळे एदो काळातल्या जपानचे आहे. जपानी ठोकळेचित्रांच्या चाहत्याला ही माणसे पाहताक्षणी ओळखू येतील. हनोईजवळच्या एखाद्या खेड्यात, भाताच्या काडांनी शाकारलेल्या घरात, आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला म्हणून जो कॅट सांभाळला जातो, त्यातला एकही चेहरा त्या गावचा नाही.

यात तिसरा देशही आहे. फ्रेंच वसाहतीच्या काळात तो तोमचे पत्ते फ्रान्समधून छापून येत. मार्सेय शहरातली 'कामुआँ' ही पत्ते छापणारी पेढी इंदोचीनसाठी ते तयार करी. ही पेढी साधीसुधी नव्हे. 1760 साली मार्सेय पद्धतीचा प्रसिद्ध टॅरो कॅट काढणाऱ्या निकोला कोंव्हेरच्या छापखान्याचा वारसा तिच्याकडे होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये जपानी छापचित्रांचे वेड होते, हेही इथे लक्षात घ्यावे. तेव्हा हिशेब असा मांडता येतो: रंग आणि अंक चिनी, पोशाख जपानी, छपाई फ्रेंच. मग या पत्त्यांत व्हिएतनामचे काय?

व्हिएतनामची आहेत नावे, आणि ती लहानसहान गोष्ट नाही. चित्र कुठूनही येवो, त्याला हाक मारायला सुरुवात झाली की ते आपले होते. पाच वानच्या पत्त्यावर इमारत आहे. खेळणारे त्याला नुसते 'चुआ' म्हणतात, म्हणजे बुद्धमंदिर. पाच साकवर होडी आहे, तो पत्ता 'होडी'. आठ वानवर कार्प मासा आहे, तो 'मासा'. आणि नऊ वानवर पाठीवर ओझे घेतलेला माणूस आहे. 'कूउ' म्हणजे नऊ, म्हणून हा 'कूउ वान'.

या कूउ वानने पत्त्यांच्या चटईवरून उठून थेट बाजाराचा रस्ता धरला. आजच्या व्हिएतनामी भाषेत ट्रकमधून पोती उतरवणारा, बाजारात पाठीवर माल वाहणारा रोजंदारीचा माणूस म्हणजे 'कूउ वान'. वर्तमानपत्रात हा शब्द येतो, घाऊक बाजाराच्या फाटकावर तो हाकेसारखा वापरला जातो. तो वापरणाऱ्या कित्येकांनी आयुष्यात तो तोमचा पत्ता हातात घेतलेला नसतो. 'नव्वद हजार नाणी' असा ज्याचा मूळ चिनी अर्थ, तो शब्द दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्या हमालाचे नाव झाला. कोशात शब्दाच्या व्युत्पत्तीला एक ओळ मिळते. पण जपानी पोशाखातला एक परदेशी ओझेवाला व्हिएतनामच्या कष्टकऱ्याला आपले नाव देऊन जातो, यात त्या खेळाचा समाजातला वावर जितका दिसतो तितका पानेच्या पाने इतिहास वाचून दिसत नाही.

पत्त्यावरच्या अक्षरांचे नशीब याच्या उलट. चित्रांना नावे मिळाली. अक्षरांची ओळख पुसली गेली. चिनी अक्षरे हे व्हिएतनामात शतकानुशतके विद्वत्तेचे आणि राज्यकारभाराचे माध्यम होते. फ्रेंच अमलात रोमन अक्षरांवर आधारलेली 'क्वोक न्गू' लिपी शाळांत आणि कचेऱ्यांत आली. चिनी अक्षरांत होणारी दरबारी परीक्षा हुए शहरात 1919 साली शेवटची झाली. त्यानंतरच्या पिढ्यांना 'वन', 'वान' आणि 'साक' ही अक्षरे वाचता येईनाशी झाली. खेळ मात्र थांबला नाही. वाचता येत नसेल तर आकारावरून ओळखायचे, अशी युक्ती निघाली आणि ती पाठ करायला एक छोटेसे सूत्रही: वान चौकोनी, वन तिरकस, साक वळवळते. 'वान'च्या अक्षरात चौकटी दिसतात, 'वन'च्या अक्षरात रेघा एकमेकींना तिरक्या छेदतात आणि 'साक'चे अक्षर गांडुळासारखे वेडेवाकडे लिहिलेले असते. अंकही असेच पाठ होतात. ज्याला एरवी एकही चिनी अक्षर येत नाही, असा खेळाडू या तेवढ्या अक्षरांवर क्षणभरही अडखळत नाही. ज्या लिपीसाठी पूर्वी तरुणांची उमेदीची वर्षे परीक्षांच्या तयारीत जात, तिचा एवढा अंश सामान्य माणसाच्या हातात उरला तो पत्त्यांमुळे.

तो तोम पाच जणांचा खेळ. प्रत्येकाला 20 पत्ते, ज्याची सुरुवात त्याला 21, उरलेले 19 मध्ये उपडे. पद्धत रमीच्या जवळची: उचलायचे, टाकायचे, जुळवायचे. पण जुळणीचे नियम किचकट आहेत. एकाच अंकाचे तीन रंग जुळतात, एकाच रंगातली क्रमवार मालिका जुळते, आणि काही त्रिकुटे अशी आहेत की त्यांना कोणतेही गणित लागू पडत नाही. तीन वान, तीन साक आणि सात वन मिळून 'तोम'. नऊ वान, आठ साक आणि 'ची ची' मिळून 'लेओ'. ही जोडणी तर्काने सापडत नाही. ती वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसूनच शिकावी लागते. 'ची ची' हा तीन मानाच्या पत्त्यांपैकी एक. उरलेले दोन म्हणजे 'थांग' आणि म्हातारबाबा 'लाओ'.

म्हणूनच तो तोम हा म्हाताऱ्यांचा, गावच्या प्रतिष्ठितांचा आणि शिकलेल्यांचा खेळ समजला गेला. पुरुषाला तो तोम खेळता यावा, मान हाओचा चहा पिता यावा आणि 'किएउ' हे दीर्घकाव्य म्हणता यावे, अशा आशयाचे एक लोकप्रिय लोकवचन आहे. रसिकपणाच्या तीन कसोट्यांत पहिला मान पत्त्यांना. पण हाच मान एका लेखकाच्या हाती हत्यार झाला. फाम झुई तोन या लेखकाची 1918 साली 'नाम फोंग' मासिकात आलेली कथा आधुनिक व्हिएतनामी लघुकथेच्या आरंभीच्या कथांत मोजली जाते. रात्रीचा एक वाजला आहे, पाऊस कोसळतो आहे, नदी चढते आहे, आणि चिखलात गुडघाभर रुतलेले गावकरी बांध वाचवण्यासाठी जिवाची बाजी लावत आहेत. बांध राखायला आलेला अधिकारी मात्र उंचावरच्या गावदेवळात दिवे लावून हाताखालच्यांबरोबर तो तोम खेळत बसला आहे. बांध फुटल्याची खबर घेऊन माणूस धावत येतो, तेव्हा साहेब त्याच्यावर खेकसतात आणि पुढच्याच क्षणी त्यांचा मोठा डाव लागतो. खेळाचे बारकावे वाचकाला ठाऊक आहेत हे लेखकाने गृहीतच धरले आहे. म्हणूनच त्या शेवटच्या डावाचा आनंद इतका किळसवाणा वाटतो. ही कथा पुढे शाळेच्या पाठ्यपुस्तकांत गेली आणि तो तोम कधीही न पाहिलेल्या मुलांनाही त्याचे नाव कळले.

तो तोमच्या कॅटातून काही पत्ते काढले की 'चान' तयार होतो. तिन्ही रंगांचे एक्के बाजूला, थांग आणि म्हातारबाबाही बाजूला. उरले 2 ते 9 चे 24 नमुने आणि ची ची, म्हणजे 25. प्रत्येक चार, म्हणून 100 पत्ते. खेळाडू चार. प्रत्येकाला 19, सुरुवात करणाऱ्याला 20, आणि उरलेले 23 मधोमध, पुष्कळदा एखाद्या बशीत. नियम तो तोमपेक्षा सुटसुटीत आहेत आणि म्हणूनच आज उत्तरेत चान जास्त खेळला जातो.

चानमध्ये सगळा खेळ जोड्यांचा. अगदी सारखे दोन पत्ते, उदाहरणार्थ दोन्ही आठ वान, हा 'चान', म्हणजे खरी जोडी. अंक तोच पण रंग वेगळा, आठ वान आणि आठ साक, ही 'का', म्हणजे कामचलाऊ जोडी. ज्याला जोडीदार नाही तो पत्ता 'क्वे', म्हणजे लंगडा. हातातले वीसही पत्ते जोड्यांत बसले, एकही लंगडा उरला नाही आणि दहा जोड्यांत किमान सहा खऱ्या असल्या की डाव लागला. हातात तीन सारखे असताना चौथा पडला तर 'चिउ!' असे ओरडून तो उचलता येतो, मग पाळी कोणाचीही असो. तोवर अर्धवट डुलक्या घेणारी मैफल या एका आवाजाने जागी होते.

डाव लागला की खेळाडू 'ऊ!' म्हणतो. पण तेवढ्याने काम भागत नाही. आता त्याला आपला डाव पुकारावा लागतो. त्यात तांबड्या ठशाचे पत्ते किती, चार सारखे पत्ते आहेत का, एकाच पत्त्याची वाट पाहून जिंकला का, तांबडा एकही नाही असा 'कोरा' डाव आहे का, हे सगळे नावानिशी, मोठ्याने आणि बरोबर सांगायचे. जे सांगायचे राहिले त्याचे पैसे मिळत नाहीत. जे नाही ते सांगितले तर दंड बसतो. जिंकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर या क्षणी आनंदापेक्षा एकाग्रता जास्त दिसते. तो पत्ते एकेक बोटाने सरकवत पुटपुटतो आणि बाकीचे तिघे त्याच्या चुकीवर टपून बसलेले असतात.

या पुकाऱ्यातच पत्त्यावरच्या चित्रांना खरा उठाव मिळतो. हाती मंदिराचा पत्ता असताना नेमक्या माशावर डाव लागला तर त्या डावाचे नाव 'मंदिराच्या अंगणात पोहणारा मासा'. मंदिर हाती असताना दोन वानवर, म्हणजे पीचच्या पत्त्यावर डाव लागला तर 'बुद्धाच्या दारी गळालेले फूल'. इंग्लंड-फ्रान्सच्या पत्त्यांतल्या राजाराणीला कोणी अशी वाक्ये करायला लावत नाही. इथे छापलेल्या चार चित्रांतून खेळणाऱ्यांनी दृश्ये रचली, दृश्यांना नावे दिली आणि नावांना भाव ठरवला. तांबड्या नदीच्या खोऱ्यात गावदेवळाचे अंगण आणि त्यासमोरचे तळे हे रोज डोळ्यांसमोर असलेले चित्र. पावसाळ्यात तळे भरून पाणी अंगणात शिरले की मासाही शिरणारच. मार्सेयच्या छापखान्यातल्या कामगाराला हे कुठून कळावे!

चटईभोवती आणखी एक माणूस हमखास असतो. तो खेळत नाही, कडेला बसून पाहतो. त्यालाही भाषेत शब्द आहे, 'चाउ झिया', म्हणजे काठावरचा मानकरी. त्याने बोट दाखवायचे नाही, सुस्कारा सोडायचा नाही, कोणाच्या हातात काय आहे हे चेहऱ्यावर येऊ द्यायचे नाही. यातले एकही बंधन तो पाळत नाही, आणि म्हणून मैफलीतली निम्मी भांडणे त्याच्यामुळे होतात.

उत्तरेतल्या काही गावांच्या जत्रांत तो तोम चटईवरून उठून मैदानात येतो. पाच खेळाडूंसाठी पाच छोट्या झोपड्या बांधतात, पत्ते सगळ्यांना दिसतील असे मांडले जातात आणि खेळाडू तोंडाने बोलण्याऐवजी ढोल वाजवून आपली चाल कळवतात. कोणत्या ठोक्याचा अर्थ काय, हे जाणत्यांना पाठ असते. ज्या खेळाची मजा गुपचुपीत, तो शेकडो प्रेक्षकांसमोर ढोल बडवत खेळायचा म्हणजे त्याला उत्सवाचा दर्जाच दिला.

पत्त्यांचे दुसरे मूळ बुद्धिबळाचे. चिनी बुद्धिबळात एका बाजूला 16 मोहरी असतात: एक सेनापती, दोन रक्षक, दोन हत्ती, दोन रथ, दोन तोफा, दोन घोडे आणि पाच प्यादी. तांबड्या आणि काळ्या अशा दोन्ही बाजू पत्त्यांवर उतरवल्या की 32 पत्ते होतात, आणि तोच 'ताम कुक'. पटावर हे एकमेकांचे शत्रू. पत्त्यांत त्यांचे घर झाले. तांबडा सेनापती 'तुओंग ओंग' म्हणजे आजोबा आणि काळा 'तुओंग बा' म्हणजे आजी. प्रत्येक दर्जात तांबडा काळ्याला भारी. रथ-तोफ-घोडा एकाच रंगाचे जमले तर त्रिकूट, सेनापती-रक्षक-हत्ती जमले तर त्याहून मोठे त्रिकूट. ज्याची सुरुवात तो एक, दोन की तीन पत्ते हे सांगतो, बाकीचे तेवढेच पत्ते उपडे टाकतात, मग सगळे एकदम उलटतात. शेवटचा हात काळ्या प्याद्यांनी जिंकला तर मान मोठा, कारण सगळ्यांत दुबळ्या पत्त्याने घर राखलेले असते.

ताम कुक शिकायला एक संध्याकाळ पुरते, आणि म्हणून तो 'तेत'चा, म्हणजे चांद्र नववर्षाच्या सणाचा खेळ झाला. बाहेर उत्तरेतली फेब्रुवारीची बोचरी थंडी आणि झिमझिम, आत पेंढ्याच्या बिछान्यावर बहीण-भावंडे, मावश्या, आज्या. पणाला सणात मिळालेली नवी कोरी चिल्लर. होआंग काम या कवीची 'ताम कुकचे पत्ते' ही कविता याच बिछान्यावर घडते. थोरली मुलगी आणि तिच्यावर जीव जडलेला धाकटा मुलगा पत्ते खेळतात, आणि पटावरच्या मोहऱ्यांची नावेच पुढे त्यांच्या ताटातुटीची भाषा होतात. 'किन्ह बाककडे परत' या त्याच्या संग्रहातली ही कविता 1959 च्या सुमाराची. संग्रह प्रसिद्ध व्हायला 1994 उजाडले. ज्यांना या खेळाचे नियम माहीत नाहीत तेही ही कविता वाचून हळवे होतात. पण सेनापती आणि प्यादे या पत्त्यांमधले अंतर किती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती जास्त टोचते.

'तू सक' म्हणजे चार रंग, आणि इथे रंग खरोखरचे आहेत: पिवळा, हिरवा, पांढरा, तांबडा. बुद्धिबळाची सात मोहरी, चार रंग, प्रत्येक नमुना चारदा, असे 112 पत्ते. चित्र नाही, नुसते अक्षर. पट्टी बोटापेक्षाही बारीक. लांबून पाहिले तर हातात रंगीत काड्यांची जुडी धरल्यासारखी वाटते. दक्षिणेतल्या बायकांच्या दुपारी या जुडीत गेल्या आहेत.

या सगळ्यांवर आज 52 पत्त्यांची सावली आहे. त्यांना 'बाय ताय', म्हणजे पाश्चात्त्य पत्ते म्हणतात, आणि 'तिएन लेन' हा त्यांवरचा खेळ देशभर, शाळकरी पोरांपासून ट्रकचालकांपर्यंत सगळ्यांना येतो. जुन्या पट्ट्या त्यामानाने मागे पडल्या. ताम कुक तेतपुरता उरला, तो तोम थोड्याच म्हाताऱ्यांपुरता. चानने मात्र एक अनपेक्षित वळण घेतले आणि तो संगणकावर, फोनवर गेला. पडद्यावर पत्ते आपोआप उलगडतात, कोणाच्या हातून सांडत नाहीत. पण डाव पुकारायची अट तिथेही सुटली नाही. जिंकणाऱ्याला यादीतून आपल्या डावाची नावे निवडावी लागतात. परदेशी गेलेली व्हिएतनामी मुले मध्यरात्री 'अंगणातला मासा' शोधत बसतात.

राहिला मध्य व्हिएतनामचा किनारा. तिथले बाय तोयचे पत्ते दिसायला तो तोमहून अगदी निराळे. जपानी माणसे नाहीत, मंदिर-होडी नाही. जाड काळ्या रेघांचे ठसे: गोल, फासोळ्या, डोळ्यांसारखे ठिपके, कुठे अर्धवट चेहरा. ही मूळ चिनी नाण्यांची, माळांची आणि बंडखोर वीरांचीच चित्रे. पण पिढ्यान्‌पिढ्या ठोकळ्यावरून ठोकळा कोरत गेल्याने ती इतकी झिजली की त्यांत नाणे कुठे आणि माळ कुठे हे सांगितल्याशिवाय दिसत नाही. आधुनिक चित्रकाराने मुद्दाम काढावीत तशी ती दिसतात, आणि या लेखात आलेल्या सगळ्या पत्त्यांत देखणी म्हणायची तर हीच. झिजलेल्या चित्रांना लोकांनी पुन्हा आपली नावे दिली. एका पत्त्याचे नाव 'विद्यार्थी', एकाचे 'गरीब', एकाचे 'कोंबडी', एकाचे 'चार पाय'. मानाच्या तिघांत एक 'युवराज', एक 'ओंग आम' आणि एक 'बाक हुए', म्हणजे पांढरे फूल. हे फूल जुन्या चिनी कॅटातले आहे. बाकी सगळ्यांची नावे बदलली, त्याचे तेवढे टिकले.

या पत्त्यांतून बाय चोय उभा राहिला. 'चोय' म्हणजे माचाण किंवा खोपटे. शेतात आलेल्या रानटी जनावरांना हाकलण्यासाठी राखणदार माचाणांवर बसत, रात्र काढायला एका माचाणावरून दुसऱ्यावर ओरडून गाणी म्हणत, आणि त्यातून हा खेळ निघाला, असे परंपरा सांगते. त्याचे श्रेय ती दाओ झुई तू (1572–1634) या, न्ग्वेन सरदारांच्या पदरी असलेल्या मुत्सद्दी पंडिताला देते. तेतच्या दिवसांत मैदानात बांबूची नऊ खोपटी दोन्ही बाजूंना उभी राहतात आणि मध्ये एक. 60 पत्त्यांचे दोन सारखे भाग होतात. 30 पत्ते तीन-तीन करून दहा लाकडी पाट्यांवर चिकटवायचे. प्रत्येक खोपट्यात एक पाटी. दुसरे 30 बांबूच्या नळकांड्यात घालायचे. तंबोला खेळलेल्या कोणालाही पुढचे समजेल. नळकांड्यातून पत्ता निघतो आणि तो ज्याच्या पाटीवर असेल त्याला छोटे निशाण मिळते.

फरक आहे तो पुकारणाऱ्यात. त्याला 'हिएउ' म्हणतात. तो पत्ता काढतो, पण नाव सांगत नाही. ढोल, सनई आणि दोन तारांचे सारंगीसारखे वाद्य यांच्या साथीने तो गाऊ लागतो. पत्ता 'गरीब' असेल तर गाण्यात संसाराची ओढाताण येते. 'विद्यार्थी' असेल तर परीक्षा, वाट पाहणारी बायको, दिव्याचे तेल. ऐकणारे ओळीओळीला अंदाज बांधतात, पाटीवर नजर टाकतात, आणि शेवटच्या शब्दाला पत्त्याचे नाव फुटते. चांगला हिएउ तेच नाव दर वेळी नव्या ओळींतून आणतो, हसवतो, चिमटे काढतो, समोरच्या म्हातारीला उद्देशून कडवे जुळवतो. या गायनातून पुढे बाय चोयची नाट्यपरंपराही निघाली. क्वांग बिन्हपासून खान्ह होआपर्यंतच्या किनारपट्टीवरची ही कला युनेस्कोने डिसेंबर 2017 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

होई आन या जुन्या बंदरगावात आता बाय चोय तेतची वाट पाहत नाही. नदीकाठच्या जुन्या पेठेत संध्याकाळी दिवे लागले की ढोल वाजतो आणि पाट्या विकल्या जातात. घेणाऱ्यांत गावचे लोक असतात, देशातले प्रवासी असतात आणि एकही शब्द न कळणारे परदेशीही असतात. हिएउ गातो, मदतनीस पत्ता बांबूच्या फटीत खोवून सगळ्यांना दाखवत फिरतो. तिसरे निशाण मिळाले की त्या जागेवरून आरोळी उठते: 'तोय!' म्हणजे 'पोहोचलो!' विजेत्याच्या हाती एक रेशमी कंदील येतो, पाट्या गोळा होतात आणि तीसही पत्ते पुन्हा नळकांड्यात जातात.